भिंतीतला नवरदेव

वर्ध्याजवळच्या आंजी गावातल्या आमच्या घराच्या दर्शनी भिंतीत माझं तोंड सिमेंटने पक्कं बसवलेलं आहे. पाहणाऱ्याला वाटतं, कुणी तरी सूड म्हणून बसवलं असावं. पण तसं नाही, ते मीच बसवलं. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, पूर्ण शुद्धीवर होतो आणि ड्रॉइंगची परीक्षा वरच्या श्रेणीत पास झालेला होतो. (हे शेवटचं आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर ते सांगायची सोय राहणार नाही.)

गोष्ट पंचावन्न-छप्पन सालच्या सुमाराची. मी गावच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. त्या काळी गणिताच्या मास्तरांना बघून लोक विडी लपवत आणि मला बघून म्हणत, "बरे भेटले मास्तर, बैलबंडीवर नाव टाकून द्या." पोळा जवळ आला की बैलांची शिंगं रंगवून घ्यायला आमच्या दारात रांग लागे. बैल त्यातल्या त्यात समजूतदार गिऱ्हाईक, कारण रंगवून झाल्यावर ते आपलं मत सांगत नसत.

अशात केळझरच्या महादेवरावांकडून मुलगी पाहायला या म्हणून निरोप आला. मी आणि बाबा गेलो. मुलीचं नाव शांता. तिने चिवड्याच्या बशा आणल्या, चहा दिला आणि समोर बसली. तिने मान वर केली नाही, मीही केली नाही. दोघांनी मिळून त्या घरची सतरंजी फार बारकाईने पाहिली. पण आत जाताना दारापाशी तिने एकदा मागे वळून पाहिलं आणि मी कामातून गेलो. लग्न करीन तर हिच्याशीच, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. अडचण एवढीच होती की ठरवायचं महादेवरावांनी होतं.

महादेवराव म्हणजे सहा फूट उंच, हातात तेल पाजलेली काठी आणि डोक्यावर पांढरी टोपी. त्यांनी मला विचारलं, "मास्तर, तुम्ही करता काय?"

"चित्रं काढतो."

"ते झालं जी. पण करता काय?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी सतरंजीकडे पाहिलं. महादेवरावांची बहीण, म्हणजे शांताची आत्या, खांबाआड बसून माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"कागदावरच काढता न?" महादेवराव म्हणाले. "म्हणजे पाणी पडलं का गेलं. मी विहीर बांधली, गोठा बांधला. पक्कं काम असलं का मले माणूस समजते. येत्या गुरुवारी आम्ही तुमचं घर पाहायले येतो, मंग बोलू."

आमच्याकडे तशी पद्धतच आहे. मुलगा-मुलगी कितीही पसंत पडोत, मुलीकडचे मुलाचं घर पाहून गेल्याशिवाय शब्द देत नाहीत. म्हणजे माझ्या हातात आठ दिवस होते, आणि त्या आठ दिवसांत मला पाण्याने न जाणारं काही तरी करून दाखवायचं होतं.

परीक्षेला नागपूरला गेलो होतो तेव्हा एका बंगल्याच्या पायरीवर मी फुटक्या कपबशांच्या तुकड्यांचा मोर पाहिला होता. त्याला मोझेक म्हणतात हे आमच्या मास्तरांनी सांगितलं होतं. सिमेंटमध्ये बसवलेलं चित्र! यापेक्षा पक्कं ते काय असणार? मोर काढला असता तर सगळं नीट पार पडलं असतं. पण मी विचार केला, महादेवरावांना मोराशी काय करायचं आहे, त्यांना जावई पक्का हवा आहे. तेव्हा जावईच सिमेंटमध्ये घालावा. स्वतःच्या हुशारीने मी इतका खूश झालो की त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "भिंतीत जित्ता माणूस बसवते का कोणी? लोक देवाले बसवते, नाईतर गेलेल्याले."

"बाबा, कलेत असं काही नसतं."

बाबांनी तंबाखू मळायला घेतली. आमच्या घरात कुठल्याही विषयावरचा तो शेवटचा शब्द असे. सिमेंटचं एक पोतं त्यांनी न्हाणीची जमीन करायला आणून ठेवलं होतं. ते मी उघडलं तेव्हाही त्यांनी तंबाखूच मळली.

आता तुकडे. घरात दोन कप तडकलेले होते, तिसरा मी तडकवला. शाळेतल्या सगळ्या मास्तरांना फुटक्या बशा आणायला सांगितलं. गणिताच्या मास्तरांनी एक आख्खी बशी आणून माझ्यासमोर फोडली आणि वर "अजून लागली तर सांगा" म्हणाले. पण कपबशांत काळा आणि लाल रंग मिळेना, आणि माझे केस काळे होते, मिशी काळी होती, ओठ निदान लाल असावेत अशी इच्छा होती. मग आठवडी बाजारातल्या कासारणीकडे गेलो. बांगड्या भरताना ज्या तडकतात त्यांचे तुकडे ती एका टोपल्यात टाके. ते टोपलंच मी उचलून आणलं आणि ओट्यावर दाराशी ठेवलं.

आईने ते पाहिलं मात्र, तिचा चेहराच उतरला. "वसंता, हे घरात आणू नको रे बाप्पा. बांगडी फुटली असं तोंडानं बी नाई म्हणत, वाढवली म्हणते. अन् तू टोपलंभर घेऊन आला?"

"आई, काच म्हणजे काच."

"तं मंग बाहेरच ठेव तुही काच."

म्हणून टोपलं बाहेरच राहिलं. दाराच्या उजवीकडे, येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिल्यांदा तेच दिसेल असं.

गवंडी म्हणून मी किसन मिस्त्रीला बोलावलं. तो शेजारच्या गावचा. आमच्या घरात कोण किती हे त्याला माहीत नव्हतं, पण कामाला नावाजलेला. विहिरी, तुळशीवृंदावनं आणि शेतातल्या समाध्या, या तीन गोष्टींत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मी त्याला माझं रेखाटन दाखवलं आणि सांगितलं, "हे तोंड दाराशेजारच्या भिंतीत बसवायचं. गुरुवारच्या आत."

मिस्त्रीने रेखाटन पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, परत रेखाटन पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "करून देतो मास्तर. तुम्ही आता कायचीच काळजी नका करू. मी याच्यात कसर नाई ठेवत."

मला भरून आलं. एका साध्या गवंड्याला कलेची एवढी कदर आहे, याचा मी दोन दिवस विचार करत होतो.

मिस्त्रीनेच मला कामाची रीत सांगितली. वर्ध्याला एका बंगल्यावर तो ती शिकला होता. "तुकडे सुलटे लावान तं वरखाली होईन. कागदावर उलटे चिकटवा, रंग खाली, पाठ वर. मंग मागून सिमिट भरू, वाळलं का पलटवून भिंतीत बसवू, अन् वरून कागद धुऊन काढू. एकदम सपाट येते."

उलटे! इथून माझ्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली. मी आरशात पाहून चित्र काढलं होतं. आरसा माणसाला उलटं करतो. आता कागदही उलटं करणार. माझ्या उजव्या गालावर मसुराएवढा तीळ आहे, तो शेवटी कुठे जाणार? दोनदा उलटं केलं की सुलटंच होतं, म्हणजे मी काहीच करायला नको होतं, हे मला आज बसल्या जागी कळतं. तेव्हा मी आईला विचारायला गेलो.

"आई, माझा तीळ कुठल्या गालावर आहे?"

आईने माझ्याकडे पाहत स्वतःच्या डाव्या गालावर बोट ठेवलं. "इकडं."

"म्हणजे माझ्या डाव्या?"

"तुह्या काऊन डाव्या? तू असा उभा हायस न, मी अशी उभी हाव. तं इकडं."

मी तिच्या शेजारी जाऊन तिच्याच दिशेला तोंड करून उभा राहिलो. आता तीळ दुसरीकडे गेला. मग आरशासमोर गेलो, तर तिथे तो तिसरीकडे. शेवटी, चूक होण्याची शक्यताच उरू नये म्हणून, मी आख्खं चित्र उलटं करून पुन्हा काढलं. अशा रीतीने एक बरोबर असलेली गोष्ट मी फार मेहनतीने चुकीची केली.

पुढचे दोन दिवस शाळा सुटली की मी खळ लावून तुकडे चिकटवत होतो. रंगाची बाजू खाली असल्यामुळे मला दिसत होत्या फक्त पांढऱ्या पाठी. आपण नाक लावतो आहोत की कान, हे मी अंदाजाने ठरवत होतो. मिस्त्री मधूनमधून येऊन बाजूला उभा राही. मी आरशात पाहून कपाळाला आठ्या घालत, तोंड वाकडं करत चेहऱ्याचा अभ्यास करत असे. तो सुस्कारा सोडे आणि निघून जाई.

बुधवारी आम्ही तो वाळलेला ठोकळा उचलून भिंतीत बसवला. मी खालून आधार देत होतो, मिस्त्री वरून गिलावा भरत होता, आणि त्या गडबडीत सिमेंटच्या पाण्याचं घमेलं माझ्या डोक्यावर पालथं झालं. मला मुळीच वाईट वाटलं नाही. कलावंताला असं होतंच. मी तसाच उन्हात उभा राहून मिस्त्रीला सूचना देत राहिलो, आणि केस धुवायचं आठवलं तेव्हा धुण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं. डोक्यावर वाजवलं तर टकटक आवाज येत होता.

मिस्त्रीने चित्राच्या वर उतरत्या छपरासारखी कड काढली आणि खाली एक छोटासा कोनाडा ठेवला.

"हे कशाला, मिस्त्री?"

"दिव्याले," तो म्हणाला आणि डोळे पुसले. सिमेंट डोळ्यांत गेलं असेल असं मला वाटलं. चित्रावर उजेड पडावा म्हणून खाली दिवा! मी त्याचा हात हातात घेऊन दाबला.

गुरुवार उजाडला. पाहुणे अकराच्या मोटरने येणार होते. बाबा त्यांना घ्यायला आधीच मोटर थांबते तिथे जाऊन बसले. मी ओला फडका घेऊन चित्रावरचा कागद सोलायला लागलो, आणि हळूहळू मी स्वतःला दिसू लागलो.

एक डोळा निळा होता. त्यात गुलाबाचं फूल होतं. दुसरा डोळा लहान आणि हिरवा, बहुधा गणिताच्या मास्तरांच्या बशीतला. बांगड्या गोल असतात हे मी विसरलो होतो, त्यामुळे ओठ खाली वाकले होते आणि मिशी वर. एका भुवईला सोनेरी काठ आला होता. आणि तीळ, काळ्या मण्याचा, टपोरा, डाव्या गालावर. तरीपण चेहरा माझाच होता, त्यात शंका नव्हती. फार मोठ्या संकटातून गेलेला मी, एवढाच फरक.

आईने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आत जाऊन दिवा आणला आणि कोनाड्यात लावला. "नवं काम झालं का दिवा लावा लागते," ती म्हणाली. "अन् आता थे डोकं घेऊन जा न्हाव्याकडं."

न्हाव्याने माझ्या डोक्यावर कात्री टेकवली तर कात्रीचं टोक मोडलं. "मास्तर, हे केस नाई, हे बांधकाम हाय," तो म्हणाला. उपाय एकच होता. गुळगुळीत गोटा. मिशीच्या डाव्या टोकालाही सिमेंट होतं. उजवी मिशी एकटी ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून तीही गेली. मग तिथेच विहिरीवर आंघोळ केली, ओलं धोतर गुंडाळलं, उघड्या अंगावर पंचा टाकला आणि घराकडे निघालो.

मधल्या वेळात जे घडलं ते मी पाहिलेलं नाही. समोरच्या घरातल्या सारजाकाकूंनी पाहिलं आणि पुढची तीस वर्षं प्रत्येकाला सांगितलं.

पाहुणे मोटरने आलेच नाहीत. पहाटेच निघून वर्ध्याहून कुणाची तरी बैलांची दमणी, म्हणजे हलकी गाडी, करून ते दुसऱ्याच रस्त्याने गावात शिरले आणि साडेनऊलाच आमच्या दारात उतरले. महादेवराव पुढे, आत्याबाई मागे. घर सामसूम. आई मागच्या बाजूला पुरणाला बसलेली. आणि ओट्यावर काय, तर भिंतीत सिमेंटने बसवलेला नवरदेव, त्याच्यापुढे जळता दिवा, आणि दाराशी फुटक्या बांगड्यांचं टोपलं.

दाराशी फुटक्या बांगड्या म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घरातल्या एखाद्या बाईचा नवरा गेला, की तिच्या हातच्या बांगड्या फोडतात.

"दादा," आत्याबाई म्हणाल्या, "हे तं त्या मास्तराचं तोंड हाय."

महादेवरावांनी चपला काढल्या, टोपी काढली. "आठ दिवसाआधी तं चिवडा खाऊन गेला गा हा."

"अन् बांगड्या कोणाच्या?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. महादेवराव जमिनीवरच बसले, आणि दारात उभं राहून जे करायचं असतं ते आत्याबाईंनी केलं. पदर तोंडाला लावून त्यांनी गळा काढला.

आमच्याकडच्या बायकांची एक रीत आहे. कुणी रडत दारात आलं, की आधी गळ्यात पडून रडायचं, कोण गेलं ते मागून विचारायचं. आई पुरणाच्या हातांनी धावत बाहेर आली, पाहुण्यांना ओळखलं, आणि तिची खात्री झाली की शांताच गेली. त्याशिवाय का हे लोक घर पाहायला म्हणून येऊन असे रडत बसतील? तिने आत्याबाईंना मिठी मारली आणि तीही सुरू झाली.

"कसं झालं व बाई असं!" आत्याबाई म्हणाल्या.

"सोन्यासारखं लेकरू होतं व!" आई म्हणाली.

"आता कसं करसान तुम्ही!"

"तुम्ही तरी कसं करसान!"

सारजाकाकू हे सगळं आपल्या उंबऱ्यावर बसून पाहत होत्या. त्यांना सगळी हकिकत ठाऊक होती, पण मधे बोलून रंगाचा बेरंग करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

आणि नेमका मी आलो. डोक्याचा गोटा, मिशी नाही, ओलं धोतर, खांद्यावर पंचा. समोर आई आणि आत्याबाई एकमेकींच्या गळ्यात, महादेवराव बोडक्या डोक्याने खाली बसलेले. आई माझ्याकडे पाहून म्हणाली, "वसंता, गेली रे आपली शांता."

मी तिथेच बसलो आणि रडलो. विनोदी गोष्ट सांगतो आहे, तरी हे गाळत नाही; मी खरोखर रडलो. दारातून एकदा वळून पाहिलेली मुलगी, आणि मी तिच्यासाठी आठ दिवस कपबशा फोडत होतो.

रडण्याच्या आवाजात आईचं बोलणं महादेवरावांना ऐकूच गेलं नव्हतं. ते उठून माझ्याजवळ आले, पाठीवर हात ठेवला. "तुम्ही लहान का मोठे?"

"कोणापेक्षा?"

"भावापेक्षा."

"मला भाऊ नाही."

"आता नाई, ते दिसूनच राह्यलं जी," ते आणखी हळू म्हणाले. "हे कधी झालं?" त्यांनी माझ्या डोक्याकडे बोट केलं.

"आज सकाळी."

"अन् हे भिंतीतलं?"

"ते काल बसवलं. पण काम आठवडाभर चालू होतं."

महादेवरावांनी हात काढून घेतला. "म्हणजे तुम्हाले आधीच मालूम होतं?"

"तुम्ही येणार म्हणूनच तर घाई केली," मी डोळे पुसत म्हणालो.

ते दोन पावलं मागे सरकले. मग त्यांचा आवाज चढला. "हे पाहा जी, माणूस गेला त्याचं दुःख हाय. पण एक गोष्ट तुम्ही चांगली नाई केली. त्याचं लग्न झालेलं होतं, अन् तुम्ही त्याले माह्या पोरीले पाहायले आणलं!"

आता मात्र माझं रडणं थांबलं. "कोणाला आणलं? आणि शांता..."

"शांताले काय धाड भरली? पहाटे निघताना शिदोरी बांधून देल्ली तिनं."

मला एकदम इतका आनंद झाला की मी हसलो. मेलेल्याच्या दारात, गोटा केलेला भाऊ, मोठ्याने हसला. आत्याबाईंनी आईला सोडलं आणि त्या महादेवरावांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, कुणी गेलेलं नाही," मी म्हणालो. "भिंतीत आहे तो मीच."

आत्याबाईंनी मानेने नाही म्हटलं. त्या पुढे आल्या, चित्र पाहिलं, मला पाहिलं. "दादा, हा तो नाई. त्याचा तीळ इकडं, याचा तिकडं. हे जुळे असन."

"पाहायले आलता त्याचा कोणीकडं होता?"

"इकडं."

"म्हणजे तुह्या इकडं का त्याच्या इकडं?"

"तो बसलता खांबाकडं तोंड करून, मी होती खांबामागं..." असं म्हणत आत्याबाई माझ्यासमोर, मग माझ्या शेजारी, मग पाठीमागे उभ्या राहिल्या. महादेवरावांनी स्वतःच्या दोन्ही गालांवर आळीपाळीने हात ठेवून पाहिला. मी सांगितलं की चित्र आरशात पाहून काढलं, मग कागदावर उलटं, मग भिंतीत... बोलता बोलता मलाच कळेनासं झालं की त्या दिवशी केळझरला नेमकं कोण गेलं होतं.

तेवढ्यात किसन मिस्त्री आला. हातात झेंडूचा हार. त्याने कुणाकडे पाहिलं नाही, सरळ ओट्यावर चढला, चित्राला हार घातला, हात जोडले आणि मिनिटभर डोळे मिटून उभा राहिला.

"मिस्त्री," मी ओरडलो, "यांना सांगा, हे चित्र कुणाचं आहे!"

"मास्तर, मी तुम्हाले विचारलं बी नाई," मिस्त्री म्हणाला. "दुःखातल्या माणसाले किती विचारावं. हे रोज आपलं तोंड आरशात पाहत जी, अन् भावाचं काढत. जुळ्या भावाचं तोंड काढाले दुसरं कुठी पाहा लागते? माह्या हातानं लय समाध्या झाल्या, पण असं पिरेम नाई पाह्यलं."

"पाहा," आत्याबाई म्हणाल्या.

माझ्या जिवंत असण्याच्या बाजूने आता एकटा मीच उरलो होतो. शांता जाते हातातून, हे मला लख्ख दिसत होतं. आईला एव्हाना सगळा उलगडा झाला होता. ती कमरेला पदर खोचून पुढे आली. एक बोट भिंतीकडे केलं, दुसरं माझ्याकडे.

"कायचे जुळे अन् कायचं काय," ती म्हणाली. "माह्या पोटी एकच झालं. अन् ते बी असं."

आत्याबाईंनी आईच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "दादा, ही बाई खरं सांगून राह्यली. गेलेल्याबद्दल कोणी मायबाई असं नाई बोलत."

मग आईने बांगड्यांचं सांगितलं, मी सिमेंटचं सांगितलं, आणि मिस्त्रीने मुकाट्याने हार काढून घेतला. महादेवराव चित्राजवळ गेले. काठीच्या टोकाने माझ्या नाकावर ठोकलं, कपाळावर ठोकलं, हनुवटीवर जरा जोरात ठोकलं. एक तुकडा हलला नाही.

त्याच वेळी बाबा परत आले. "दोन मोटरी गेल्या, पाहुणे काई आले नाई," असं म्हणत ते ओट्यापर्यंत आले आणि थांबले. सगळ्यांचे डोळे लाल, माझ्या डोक्याचा गोटा, मिस्त्रीच्या हातात हार. बाबांनी सावकाश टोपी काढली आणि विचारलं, "कोण गेलं?"

दारात रडणं झालं म्हणून आत्याबाईंनी आंघोळीशिवाय अन्नाला हात लावायला नकार दिला. न्हाणीत जमीन नव्हती (ती भिंतीत होती), त्यामुळे आंघोळी चिखलात झाल्या. पुरणपोळी कुणी बोलत नव्हतं त्यामुळे फार खाल्ली गेली. निघताना महादेवराव एवढंच म्हणाले, "कळवतो."

नंतरचे आठ दिवस मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. मुलं शाळेत माझ्या डोक्याकडे पाहत आणि मी फळ्याकडे. नवव्या दिवशी केळझरहून माणूस आला आणि म्हणाला, पसंत आहे. मी सरळ ओट्यावर गेलो आणि माझ्या त्या निळ्या डोळ्याच्या, वाकड्या ओठांच्या चित्रापुढे उभा राहिलो. पक्कं काम! सासऱ्याने काठीने ठोकून पाहिलं आणि माणूस ओळखला. लग्न झालं, केस उगवले, आणि वर्षभर मी भेटेल त्याला सांगत होतो की कलेने माणसाला काय मिळत नाही?

एक दिवस शांता ओटा सारवत होती, तेव्हा मी हेच तिलाही सांगत होतो. तिने सारवणाचा हात थांबवला.

"बाबा तं नाईच म्हणत होते," ती म्हणाली. "चार दिवस. म्हणत, ज्या घरी जित्त्यासाठी रडते तिथं पोरगी नाई देत. आत्यानंच हो म्हणाले लावलं."

"आत्याबाईंनी? त्यांना चित्र आवडलं?"

"आत्या आधी म्हणे, पोरगा दिसायले काई खास नाई. पण तिकडून आल्यावर म्हणे, पहिले ते भिंतीतलं पाह्यलं अन् मंग तो आला. गोटा केलेला, बिनमिशीचा, नाक वाहून राह्यलं. तरी असा देखणा वाटला का बस्स."

मी विचारलं, "म्हणजे माझं चित्र चांगलं नव्हतं असं म्हणायचं आहे तुला?"

शांताने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सारवायला लागली.

"चांगलं असतं," ती म्हणाली, "तं मी इथं असती काय?"